पाचवा कोपरा

डेन्झिल रविवारच्या जेवणाला वेळेवर आला, तेही दाढी करून, तेव्हाच केरेन्साने ओळखलं की गडी घाबरलाय. एरवी तिचा हा थोरला भाऊ बाकीच्यांचं अर्धं जेवण झाल्यावर उगवायचा आणि वर म्हणायचा, "चालू द्या, माझ्यासाठी कशाला थांबलात?" आज त्याने दारातल्या पायपुसण्यावर बूट पुसले. दोन्ही.

"आई, काय वास सुटलाय गं!"

"ओव्हन अजून लावलेला नाही," लव्हडेबाई म्हणाल्या. "बस."

डेन्झिल बसला. समोर धाकटा पेट्रॉक आधीच बसला होता. अ‍ॅडलेडहून सकाळीच निघून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. चुकलेल्या कंपन्यांना माफी कशी मागावी हे शिकवायचा त्याचा धंदा होता, आणि तो धंदा उत्तम चालला होता. टेबलाच्या टोकाला गार्फकाका, म्हणजे लव्हडेबाईंचे दीर, जिभेने तोंडातली कवळी चाचपत होते. ही कवळी पंधरा वर्षांपूर्वीची, खणातून शोधून काढलेली. चालू कवळी गुरुवारी सकाळी डेन्झिलचा विनोद ऐकून हसताना बेसिनमध्ये पडून फुटली. त्या विनोदाने गावात झालेलं ते पहिलं नुकसान.

पोर्ट कॅरॉनमध्ये सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कोणी कुणाला फोन करत नाही. त्या वेळेला रेडिओ कॅरॉनवर मयताच्या सूचना लागतात, आणि कोण गेलं हे कळल्याशिवाय तिथे कुणाच्या घशाखाली टोस्ट उतरत नाही. मागे ऑर्गनची तबकडी वाजते. ती आजोबांच्या काळातली. मध्ये एक ओरखडा आहे, तिथे ऑर्गनला उचकी लागते. रेडिओ केंद्र ट्रेलोअर कुटुंबाचं, म्हणजे यांचंच, पहिल्यापासून. सूचना डेन्झिल वाचायचा, तीस वर्षं, सकाळच्या कार्यक्रमाच्या मध्यात. त्याचा आवाज असा मऊ, की त्याच्या तोंडून आपलं नाव यावं म्हणून काही म्हाताऱ्या मुद्दाम मरत असाव्यात, असं गार्फकाकांचं मत. आणि केरेन्सा केंद्राची व्यवस्थापक, म्हणजे बल्ब बदलण्यापासून माफी मागण्यापर्यंत सगळं तिच्याकडे.

गुरुवारी दारूच्या गुत्त्याचा जुना मालक आणि बोल्स क्लबच्या हिरवळीवर चेंडू घरंगळवणारा क्लिफ पास्को याची सूचना होती. क्लिफ म्हणजे गावातला सगळ्यात लठ्ठ माणूस. धान्याच्या सिलोच्या खालोखाल गावातली मोठी गोष्ट तोच. डेन्झिलने नेहमीसारखं सुरू केलं. डॅफ्नीचे प्रेमळ पती, आणि असं सगळं. मग आलं, "शनिवारी खांदा द्यायला बोल्स क्लबच्या सहा सभासदांनी यावं, ही विनंती."

इथे तो थांबला.

"सहा?" तो म्हणाला. "क्लिफला? सहा जण? अहो, धक्क्यावरच्या बार्लीवाल्यांचा फोर्कलिफ्ट मागवा! पुढे एक पोलिसाची गाडी, मागे एक, आणि पेटीला पिवळी पाटी लावा: सावधान, जादा रुंदीचा माल!"

ऑर्गनला उचकी लागली. डेन्झिल स्वतःच्याच विनोदावर असा फुटला की त्याला धाप लागली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने चाचपडत हाताला लागलं ते बटण दाबलं. टायरची जाहिरात सुरू झाली.

गाव आधी हसलं. मग आपण हसलो हे लक्षात आल्यावर गाव संतापलं. खाटकाने जाहिरात काढून घेतली. तोच खाटीक दुपारी गिऱ्हाइकांना पाटीचा विनोद हावभावांसकट करून दाखवत होता. महिला मंडळाने निषेधाचा ठराव केला. अ‍ॅडलेडच्या एका मोठ्या रेडिओने तो तुकडा दिवसभर वाजवला आणि संध्याकाळी 'हे वाजवणं कितपत योग्य' यावर तासभर चर्चा ठेवली. शनिवारी क्लिफची मयत उरकली. केरेन्साच्या माहितीप्रमाणे ट्रेलोअरांपैकी कोणी तिकडे फिरकलं नाही, तोंड काय दाखवणार? केरेन्साने तेवढं फुलांचं चक्र पाठवलं आणि फोन काढून ठेवला.

आता पास्ट्या, म्हणजे मटण भरलेल्या वीतभर करंज्या, भाजायला गेल्या होत्या आणि भाजून येईपर्यंत बोलायची मुभा होती.

"मी सरळच बोलतो," पेट्रॉक म्हणाला. "माफी मागून हे भागणार नाही. माणूस जायला हवा. माणूस गेला की लोकांना वाटतं केंद्र बदललं."

"माणूस म्हणजे कोण रे?" डेन्झिल म्हणाला. "नाव घे की."

"तू."

"ऐकलंस, आई? लहानपणी याला धक्क्यावरून समुद्रात पडताना मी धरला होता."

"तूच ढकलला होतास," लव्हडेबाई म्हणाल्या.

"ढकलला, पण धरला पण!"

"डेन, विनोदाला एक जागा असते," पेट्रॉक म्हणाला.

"आणि ती तुझ्या ऑफिसात ठरते का? क्लिफ स्वतः काय म्हणायचा? म्हणायचा, मला जाळू नका, गावाला आठवडाभर धूर पुरेल. गुत्त्यात उभं राहून, सगळ्यांसमोर! मी त्याच्यापेक्षा वाईट काय बोललो?"

"तो स्वतःबद्दल बोलत होता. आणि जिवंत होता."

"मेल्यावर माणूस एकदम नाजूक होतो काय?"

"मेलेला नाही होत. त्याची बायको होते." हे केरेन्सा म्हणाली.

डेन्झिल तिच्याकडे वळला. "तू बोलूच नकोस, केरी. तू पण हसलीस. काचेतून दिसत होतीस मला. चहा नाकातून आला तुझ्या."

टेबलावर सगळ्यांनी केरेन्साच्या नाकाकडे पाहिलं. ते खरं होतं. गुरुवारपासून ती खाटकाला, महिला मंडळाला, अ‍ॅडलेडवाल्यांना 'आम्हाला धक्का बसला' असं सांगत होती, आणि दर वेळी नाकात चहाची झिणझिण परत येत होती.

"हसणं वेगळं, माईकवर बोलणं वेगळं," ती म्हणाली.

"वा! म्हणजे तुम्ही हसायचं आणि मी नोकरी घालवायची. बरं आहे."

"मीही हसलो," गार्फकाका म्हणाले. पंधरा वर्षांपूर्वीच्या कवळीतून ते 'मीही फसलो' असं ऐकू आलं, आणि कोणी दखल घेतली नाही.

"तुमचा बाप एकदा बिशपांना 'भोपळा' म्हणाला होता, चालू रेडिओवर," लव्हडेबाई म्हणाल्या. "कोणी काढलं नाही त्याला."

"आई, केंद्रच बाबांचं होतं."

"मग आता कुणाचं आहे? अठ्ठावन्न वर्षांचा झाला हा. टायर विकेल का आता?"

डेन्झिलने मान खाली घातली. त्याला खरंच दुसरं काही येत नव्हतं. बायको कधीच सोडून गेली होती, पोरं पर्थला, आणि रात्री साडेआठला झोपून पहाटे साडेतीनला उठायची सवय असलेल्या माणसाला गावात मित्र तरी कुठून राहणार? सकाळची ती चार तासांची बडबड हाच त्याचा संसार. केरेन्साला हे टेबलावरच्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून तर तिला तीन रात्री झोप नव्हती. तिच्या मताशिवाय हे सुटणार नाही, असं ती धरून चालली होती.

ओव्हनची घंटी वाजली.

ट्रेलोअरांच्या घरात मत हात वर करून देत नाहीत. मूळ पुरुष जेबेझ ट्रेलोअर कॉर्नवॉलहून इथल्या तांब्याच्या खाणीत आला. खाणीतली माणसं पास्टीचा शेवटचा कोपरा खात नसत, तो खालच्या भुतांसाठी टाकत. भुतं खूश राहिली की छप्पर जागच्या जागी राहतं. पुढे खाण बंद झाली, रेडिओ आला, पण रीत राहिली. कोपरा ताटात ठेवला तर 'आहे तसं चालू दे'. कोपरा खाल्ला तर 'बदला'. जेवताना तोंडातून अक्षर काढायचं नाही. आणि गफलत नको म्हणून प्रत्येक पास्टीच्या कोपऱ्यावर ज्याच्या त्याच्या नावाचं पिठाचं एक अक्षर चिकटवलेलं. गावात रॉक संगीत वाजवायला याच टेबलावर परवानगी मिळाली. त्या दिवशी सारण फार चांगलं जमलं होतं, असं म्हणतात.

"एक मुद्दा," पेट्रॉक म्हणाला. "ज्याच्या नोकरीचा प्रश्न, त्याने मत देऊ नये. हितसंबंध आहेत."

"जेबेझ आजोबांनी हितसंबंध नसलेला नातेवाईक पाहिलाच नव्हता," लव्हडेबाई म्हणाल्या. "खा."

सगळे खायला लागले. मटण, बटाटा, सलगम, मिऱ्याचा सणसणीत वास. भिंतीवरचं घड्याळ आणि गार्फकाकांची कवळी एवढेच आवाज. पेट्रॉकचं पहिलं झालं. त्याने 'P' अक्षराचा कोपरा उचलला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि खाल्ला, औषधाची गोळी घ्यावी तसा. लव्हडेबाईंनी आपला कोपरा ताटाच्या मधोमध ठेवला आणि त्यावर रुमाल झाकला, झोपलेल्या बाळाला पांघरूण घालावं तसा. डेन्झिलने आपला ठेवला, जरा दूर सरकवूनच. राहिले गार्फकाका. त्यांनी कोपरा तोंडाला लावला, चावायचा प्रयत्न केला, डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला, आणि ताटात ठेवून दिला.

तीन विरुद्ध एक. केरेन्साची अर्धी पास्टी अजून शिल्लक होती. ती सावकाश जेवणारी. तीन रात्री जागून केलेला विचार, आणि तिला विचारलंसुद्धा नाही कुणी.

डेन्झिलने एवढा मोठा सुस्कारा सोडला की मिठाच्या वाटीतलं मीठ उडालं. "काका," तो म्हणाला, "हे मी विसरणार नाही."

गार्फकाका काहीतरी म्हणाले. काय ते कळलं नाही.

तेवढ्यात मागच्या दारावर कोणीतरी कोपराने ठोठावलं. लव्हडेबाईंनी उघडलं. दारात डॅफ्नी पास्को उभ्या. काळा पोशाख, पायात बागेतले रबरी बूट, आणि दोन्ही हातांत हा एवढा मोठा ट्रे, ओल्या फडक्याने झाकलेला.

डेन्झिल उठून उभा राहिला. खुर्ची मागे पडली. "मिसेस पास्को, मी, म्हणजे मला तुम्हाला..."

"अंड्याचे आहेत," डॅफ्नीबाई म्हणाल्या. "करी घातलेले. ठेवू कुठे?"

"काय ठेवायचं?"

"सँडविच. दोनशे माणसांचे केले होते, आणि आलं कोण? दारोदार वाटतेय सकाळपासून. तुमच्यापर्यंत येईस्तोवर कडा वाळल्यात जरा. लव्हडे, तो फ्रीज उघड."

"आलं कोण म्हणजे? अख्खा गाव ओळखतो क्लिफला," लव्हडेबाई म्हणाल्या.

"अख्खा गाव चर्चपाशी होता." डॅफ्नीबाई मोकळ्या खुर्चीवर बसल्या. "अकरा वाजता, काळे कपडे घालून, बंद दारासमोर. नेहमी तिथेच असतं ना, अकराला, म्हणून. पाद्री अर्ध्या चड्डीत शिडीवर चढून पन्हाळीतला कचरा काढत होता, तो घाबरला बिचारा. आणि आम्ही बोल्स क्लबच्या हिरवळीवर, दहा वाजता. चर्चमध्ये क्लिफने लग्नानंतर पाऊल टाकलं नव्हतं, आता आडवा कशाला नेऊ? मी सूचनेत स्पष्ट सांगितलं होतं. दहा वाजता, बोल्स क्लब."

गार्फकाकांनी एकदम कानाला हात लावला.

"फोर्कलिफ्टच्या नंतर होतं ते," डॅफ्नीबाई म्हणाल्या. "वेळ आणि जागा. मी कान लावून बसले होते. म्हटलं, हसून झालं की सांगेल. मग टायर आले."

केरेन्साने गुरुवारची सकाळ मनात मागे नेली. सहा सभासद. फोर्कलिफ्ट. पाटी. हसणं. टायर. त्यात वेळ नव्हती, आणि जागाही नव्हती. तीन दिवस ती, खाटीक, महिला मंडळ आणि अख्खं अ‍ॅडलेड त्या पाटीवर भांडत होतं, आणि सूचना अर्धीच राहिली हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"पण मग लोकांनी विचारलं का नाही?" पेट्रॉक म्हणाला.

"काय विचारणार? ज्याला त्याला वाटलं, सांगितलं असेल, आपण हसत होतो म्हणून ऐकू आलं नाही. ते कबूल कोण करणार?" त्यांनी रबरी बुटातला खडा काढला. "खांद्याला क्लबवर सापडले ते दोघेच. रोलंड शववाहिकेवाला तिसरा, त्याला कंबरदुखी. उचलायला गेले, तर पेटी हलेना. शेवटी धक्क्यावरून फोर्कलिफ्ट आणला."

गार्फकाकांच्या घशातून एक आवाज निघाला. त्यांनी तो खोकल्यात बुडवला.

"हसा की," डॅफ्नीबाई म्हणाल्या. "मागे जाताना तो टूं टूं वाजतो. ड्रायव्हर म्हणाला, बंद करता येत नाही, नियम आहे. वर पिवळा दिवा गरगर. क्लिफ असता तर हसून हसून मेला असता. विनोदाचं मला काही नाही. मी पण हसले गुरुवारी, न्हाणीघरात बसून. पण नंतर हिरवळीवर त्या मोकळ्या खुर्च्या मांडलेल्या... गुत्ता चालवला माणसाने, चाळीस वर्षं रोज रात्री घर भरलेलं. आणि शेवटी कोण, तर मी, भाची, खांद्याचे ते दोघे-तिघे, आणि फोर्कलिफ्टवाला." त्या उठल्या. "ट्रे उद्या पाठव, लव्हडे. घाई नाही."

"मिसेस पास्को," केरेन्सा म्हणाली, "आम्ही याच्या नोकरीचं ठरवतोय. तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" डॅफ्नीबाईंनी डेन्झिलकडे पाहिलं. डेन्झिल पडलेल्या खुर्चीशेजारी उभा होता, हात लोंबकळत. "तो तुमचा घरचा प्रश्न. माझ्या अंगणात खुर्च्या पडल्यात, त्या परत द्यायच्यात मला."

दार लागलं. रबरी बुटांचा फटक फटक आवाज फाटकापर्यंत गेला.

डेन्झिलने खुर्ची उचलली, बसला, आणि कुणाकडे न बघता आपल्या ताटातला कोपरा तोंडात टाकला.

"डेन, तोंडातून काढ तो!" लव्हडेबाई म्हणाल्या.

"विनोदासाठी नाही खात," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "विनोद चांगला होता. तीस वर्षांत एक वेळ चुकवली नव्हती मी, आई. लोक घड्याळं लावायचे माझ्यावर."

"दोन विरुद्ध दोन," पेट्रॉक पुटपुटला. आणि सगळ्यांच्या माना केरेन्साच्या ताटाकडे वळल्या. तिने सलगमाचा तुकडा काट्याने बाजूला केला. आलीच वेळ.

"थांबा जरा," गार्फकाका म्हणाले. त्यांनी चक्क कवळी काढून रुमालावर ठेवली आणि त्यामुळे आज पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आले. "माझा कोपरा मोजू नका. मी ठेवला नाही, मला चावता आला नाही."

"काका!" डेन्झिल म्हणाला.

"तुझा विनोद मला कवळीइतका महाग पडला, बाळा, तरी मी रागावलो नव्हतो. पण मी पण तिथेच होतो काल. अकराला. चर्चपाशी. मला वाटलं, माझाच कान गेला." त्यांनी कोपरा उचलला, चहाच्या कपात बुडवला, विरघळेपर्यंत धरला आणि चमच्याने खाल्ला.

तीन विरुद्ध एक, आता उलटे. केरेन्साच्या मताची गरज दुसऱ्यांदा संपली.

तिच्या ताटात कोपरा उरला होता, पिठाचा 'K' जरा करपलेला. तिने तो नीट बाजूला सरकवला आणि काटा-सुरी खाली ठेवली. बरं वाटलं तिला. उद्या गाव म्हणेल, बहिणीने ठेवला होता हो, पण बाकीच्यांनी ऐकलं नाही. डेन्झिलने तिच्या ताटाकडे पाहिलं आणि कृतज्ञतेने हसला, आणि तेही तिला आवडलं.

लव्हडेबाईंनी आपल्या कोपऱ्यावरचा रुमाल काढला, घडी घातली.

"काय हे?" त्यांनी केरेन्साच्या ताटाकडे बोट केलं.

"माझं मत. राहू दे त्याला, असं."

"आता? त्याची नोकरी गेल्यावर?"

"आई, माझ्या मताने काही फरक..."

"म्हणूनच म्हणते. मी ठेवला तो माझ्या पोरासाठी, आणि चुकत असेल तर चुकू दे. तू कशासाठी ठेवलास?" लव्हडेबाईंचा आवाज चढला नव्हता. त्यांचा कधीच चढायचा नाही. "याच्या तोंडून वेळ निसटली तेव्हा काचेपलीकडे कोण होतं? वाचलेलं तपासायचं काम कुणाचं? उद्या पहाटे माईकपुढच्या त्या खुर्चीत तुला बसायचंय, केरी. फुकटचं पुण्य घेऊन बसू नकोस."

केरेन्सा पेट्रॉककडे बघायला गेली, तर तो खिडकीबाहेर बघत होता. गार्फकाका कवळी पुसत होते. तिने कोपरा उचलला. तो पार गार झाला होता, कडक, पिठाचा, सारणाचा मागमूस नसलेला. तिने चावला. गिळवेना. पुन्हा चावला.

डेन्झिलने हात लांबवून टोमॅटो सॉसची बाटली तिच्यापुढे सरकवली.

"यात बुडव," तो म्हणाला. "कोरडा जात नाही तो. मी आत्ताच खाल्ला."